हलू नका, फाळके फोटो काढताहेत

मान ताठ ठेवा. हात मांडीवर. मानेमागं जो गार लोखंडी आकडा टोचतोय त्याला बिचकू नका. तुम्ही हलू नये म्हणून दिलेला तो टेकू आहे. डोक्यावरचं पागोटं तुमचं नाही, स्टुडिओतलं आहे, आणि त्याला आधीच्या गिऱ्हाइकाच्या माक्याच्या तेलाचा वास आहे. उजव्या हाताला संगमरवरी खांब दिसतो ना? त्याला टेकू नका, पुठ्ठ्याचा आहे. मागचा बागबगीचाही कापडावर रंगवलेला.

साल १९०१, गाव बडोदे, महिना वैशाख. उत्तरेकडच्या काचांवर पातळ पांढरं कापड ओढलंय. त्यानं उजेड मऊ झालाय, उकाडा मात्र तसाच. बाराबंदीच्या आत, पाठीच्या पन्हळीतून घामाचा एक ओघळ निघालाय आणि तो कुठवर जातो ते सोसत बसण्यापलीकडे तुमच्या हातात काही नाही. समोर तिवईवर पेटी. चकचकीत लाकूड, पितळी कड्या, पुढं चामड्याचा भाता आणि भात्याच्या टोकाला काचेचा डोळा. पेटीमागं काळ्या कापडात डोकं खुपसून उभे असलेले गृहस्थ तिशी नुकती ओलांडलेले आहेत. कापडातून बाहेर येतात तेव्हा आधी मिशी दिसते, मग रागीट वाटणारे डोळे. ते रागावलेले नाहीत. हा माणूस कायम कशाकडे तरी टक लावून पाहत असतो, एवढंच. धुंडिराज गोविंद फाळके, त्र्यंबकेश्वरचे, शास्त्रीबुवांचे चिरंजीव. भारतीय चित्रपटाचे जनक वगैरे त्यांना अजून कोणी म्हणत नाही. भाडं थकलं की घरमालक जे म्हणतो ते तेवढं म्हणतात.

पेटीत डोकावायचंय? या, काळ्या कापडाखाली शिरा. आत कोंडलेली गरम हवा, चामड्याचा वास, कोणाच्या तरी तपकिरीचाही. डोळे सरावले की दुधी काचेवर हळूहळू खोली उमटते. रंगीत, झळझळीत आणि उलटी. खुर्चीचे पाय वर, पुठ्ठ्याचा खांब छतातून लोंबतोय, आणि कोपऱ्यातला पोऱ्या डोक्यावर चालत स्टूल आणतोय. तुम्ही दचकून डोकं बाहेर काढता. खोली सुलटी. पुन्हा आत, पुन्हा उलटी. हसू येतंय? येऊ द्या. बडोद्यात आज एवढं हसणारं गिऱ्हाईक दुसरं कोणी येणार नाही.

आता परत खुर्चीत. काच सरकवल्याचा आवाज, पुढच्या भिंगावरचं झाकण निघतं, आणि एक, दोन, तीन... नाकावर माशी बसते. बसणारच. चार. झाकण परत. झालं. श्वास सोडा.

पण खरी गंमत पलीकडच्या खोलीत आहे. दार लागतं, वर जाड पडदा पडतो आणि तांबड्या काचेच्या कंदिलाखेरीज काही उरत नाही. त्या उजेडात सगळ्यांचे हात रक्तात बुडवल्यासारखे दिसतात. बशीत औषधी पाणी, पाण्यात काच, आणि फाळके बशी हलक्या हातानं डोलवताहेत. आधी काहीच नाही. मग काचेच्या दुधट थरावर एक काळा डाग. ते तुमचं कपाळ. मग गाल, तेही काळे. मिशा पांढऱ्या, डोळ्यांची बुबुळं पांढरी. अंधारात, तांबड्या पाण्याखालून, तुमचंच भूत तुमच्याकडे बघतंय. तुम्ही एकविसाव्या शतकातले, शिकलेले, दिवसातून चार वेळा स्वतःचा फोटो काढणारे. तरी हात नकळत गळ्यातल्या ताइताकडे गेला की नाही?

हे लक्षात ठेवा, कारण आता बाहेर पडायचंय. बाहेर लोक ह्या पेटीबद्दल जे बोलतात ते ऐकून हसायचं नाही.

उन्हात पाऊल टाकलं की आधी काही दिसतच नाही. मग एकदम सगळं अंगावर येतं. लहरीपुरा दरवाज्याच्या कमानीखाली टांगे, बैलगाड्या आणि पाटीवाल्या बाया एकाच वेळी घुसू पाहताहेत. घोड्यांच्या लिदीचा आणि भज्यांच्या तेलाचा वास एकमेकांत मिसळलाय. टांगेवाला मराठीत शिवी देतो आणि गुजरातीत माफी मागतो. (बडोद्याचं खरं द्वैभाषिक ते हेच.) कुठून तरी घंटा घणघणते आणि गर्दी कडेला होते. सरकारी हत्ती आंघोळीला चाललाय, त्याच्या मागं वीस-पंचवीस पोरं. समोर मांडवीचा चौकोनी मनोरा उन्हात थरथरतोय. डावीकडच्या ओट्यावर दोन म्हातारे गुडघे पोटाशी घेऊन बसलेत. तुमच्या हातातलं स्टुडिओचं पाकीट पाहून त्यांचं बोलणं थांबतं.

"फोटो पडाव्यो?" एक विचारतो. तुम्ही मान हलवता.

"एनाथी आयुष्य ओछुं थाय, भाई," दुसरा म्हणतो. खेकसून नाही, काळजीनं. ती पेटी अंगातली शक्ती शोषून घेते, हे त्याला कोणी तरी सांगितलंय, त्याला सांगणाऱ्याला आणखी कोणी. दांडिया बाजारात मराठी वस्तीत जा, तिथंही तेच. "सुनेचा फोटो?" एक काकू डोळे मोठे करतात. "अगो बाई, दिवस गेलेत तिला!" मामला तिथंच मिटतो.

मूर्खपणा म्हणून हे उडवून लावणं सोपं आहे. पण जरा त्या ओट्यावर टेका आणि आजूबाजूच्या माणसांकडे पाहा. गळ्याची हाडं वर आलेली पोरं, मुंडण केलेले पुरुष, निम्म्या घरांना कुलपं. छप्पनियो दुष्काळ नुकताच होऊन गेलाय. गुजरातेत त्यानं गुरं आणि माणसं सारखीच नेली. त्याच्या जोडीला प्लेग. धडधाकट माणूस सकाळी काखेत गाठ आली म्हणतो आणि परवा नसतो. का गेला, कशानं गेला, कोणालाच धड सांगता येत नाही. अशा दिवसांत एक परका माणूस काळ्या कापडातून तुमच्याकडे टक लावून बघतो, तुमचं रूप काचेवर उतरवून आपल्याजवळ ठेवतो, आणि ते अंधाऱ्या खोलीत नेऊन काय करतो ते दाखवत नाही. भीती कशाची वाटावी? पेटीच्या आत काय चाललंय हे न दिसण्याची. माझ्या मते अर्धी अंधश्रद्धा म्हणजे बंद दार असतं.

फाळके स्वतः प्लेग पाहून आलेत. १८९५ साली ते इथून गोध्र्याला फोटोचा धंदा करायला गेले होते. तिथं १९०० मध्ये प्लेगनं पहिली बायको आणि मूल दोन्ही नेलं. त्या घरातून ते परत बडोद्यात आले आणि आल्या आल्या लोक त्यांना सांगू लागले की तुमच्या पेटीनं माणसं मरतात. ह्यावर माणसानं काय बोलावं?

बोलले मात्र. राजघराण्यातला राजपुत्रसुद्धा आयुष्य घटेल म्हणून फोटोला बसेना, असं सांगतात. फाळक्यांनी त्याला पटवलं, वर दरबारात फोटोचे फायदे समजावून सांगितले. दरबारानं ऐकलं असेल. बाजारानं ऐकलं नाही. स्टुडिओ बसला तो बसलाच.

आता दहाएक वर्षं मागं चला. ऊन तेच, माणूस तोच, फक्त मिशी बारीक. आणि बडोदे वेगळं: सयाजीराव तरुण आहेत, लक्ष्मीविलास राजवाडा नुकता उभा राहिलाय, आणि राजा रविवर्म्यानं महाराजांसाठी काढलेल्या पुराणातल्या चित्रांची गावात चर्चा आहे. विशीतले फाळके मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला शिकून थोरल्या भावाबरोबर, शिवरामपंतांबरोबर, इथं आलेत.

कलाभवन शोधायला पत्ता विचारू नका, नाक वापरा. १८९० साली सुरू झालेल्या ह्या शाळेत रंगकाम शिकवतात, आणि रंगाच्या कढया दुपारी उकळायला लागल्या की अख्ख्या आवाराला नीळ, तुरटी आणि ओल्या सुताचा वास येतो. एका बाजूला सुतारकामाचे रंधे, दुसरीकडे माग, तिसरीकडे यंत्रांची खडखड. पोरांची बोटं निळी, तांबडी, कोणाची कोपरापर्यंत पिवळी. घरी आईनं ताटावर बसू दिलं की नाही देव जाणे. शिकवणं आपल्याच भाषांतून, आणि सगळ्यांवर डोळा ठेवून प्राचार्य त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर. रसायनशास्त्रातला जबरा माणूस. पुढं मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला कोणी डांबर फासलं, भल्याभल्यांना ते निघेना, तेव्हा ते काढलं ते ह्याच गज्जरांनी.

फाळके ह्या आवारात शिकत नाहीत, चरत सुटलेत. तैलरंग, जलरंग, वास्तुकला, मातीचे नमुने. १८९० मध्येच त्यांनी एक कॅमेरा विकत घेतला. मग छपाई, मग ठसे, मग काचेवरून दगडावर चित्र उतरवायची विद्या. गज्जरांनी त्यांना त्यासाठी रतलामला धाडलं. परतल्यावर कलाभवनचा फोटो स्टुडिओ आणि प्रयोगशाळा वापरायला दिली. असा गुरू मिळायला नशीब लागतं: किल्ली हातात देऊन निघून जाणारा.

त्यांच्या टेबलाजवळ वाका. पुठ्ठा, लाकडाच्या पट्ट्या आणि सरसानं चिकटवलेलं एक इवलंसं नाट्यगृह तिथं उभं आहे. रंगमंच, बसायच्या जागा, सगळं मापात. हा आदर्श नाट्यगृहाचा नमुना, १८९२ च्या अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळालं. त्यावर खूश होऊन एका रसिकानं त्यांना महागडा कॅमेराच भेट दिला. पदक आणि कॅमेरा दोन्ही घरात, आणि घरखर्चाची चिंता जिथल्या तिथं. हे फाळक्यांचं आयुष्यभराचं गणित आहे, आत्ताच ओळख करून घ्या.

परत १९०१. स्टुडिओ चालत नाही म्हटल्यावर नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणं सुरू झालंय. जोडे बाहेर काढा आणि आत या, पण भिंतीशी राहा. जमिनीवर खादीचा प्रचंड पडदा पसरलाय आणि फाळके धोतर वर खोचून, अनवाणी, त्याच्या मधोमध उभे आहेत. बांबूच्या टोकाला बांधलेल्या कुंच्यानं आकाश ओढणं चाललंय. कोपऱ्यात चुलीवर सरस उकळतोय. हा वास ज्यानं घेतला नाही त्यानं सुखी राहावं. हाडं, कातडी, जुनं चप्पल आणि सडकी मासळी एका भांड्यात शिजवली तर जे होईल ते. पण सरसाशिवाय रंग कापडाला धरत नाही, पडदा गुंडाळला की आकाशाचे पापुद्रे सुटतात. आत्ता समोर दिसतंय ते ओलं आणि गडद. वाळलं की दोन छटा फिकं पडणार, आणि ह्या माणसाला ते आधीच ठाऊक असल्यानं तो मुद्दाम जास्त निळा घेतो. जवळून पाहाल तर नुसते फराटे. तिकडं दाराशी जाऊन डोळे बारीक करा. अरण्य. अरण्यात वाट, वाटेला वळण, आणि वळणापलीकडे काही तरी आहे अशी हुरहूर.

रात्री नाटकाला चला. किटसनच्या दिव्यांचा फुसफुसाट, बुचड्यांवरचे मोगऱ्याचे गजरे, तपकीर, पान, गर्दीचा उबारा. विंगेत उभं राहून तुम्ही तोच पडदा पाठीमागून पाहता: ठिगळं, दोऱ्या, आणि दोरीला लोंबकळून दात-ओठ खाणारा एक गडी. पुढं प्रेक्षक अरण्य बघून सुस्कारे सोडताहेत. फाळके कधी मधी एखादं बारीक कामही करतात, पण त्यांचं लक्ष संवादांकडे नसतं. ते त्या दोरीवाल्या गड्याकडे पाहत असतात.

ह्याच वर्षी बडोद्यात एक जर्मन जादूगार फिरत फिरत आला आणि फाळके त्याच्याकडे शिकायला जाऊ लागले. वर्ष सरता सरता गावात नव्या जादूगाराचे खेळ होऊ लागतात: प्रोफेसर केळफा. नाव विलायती वाटतं ना? उलटं वाचा.

पहिल्या रांगेत बसा. काळा कोट घातलेल्या केळफांच्या बोटांना अजून पडद्याचा निळा रंग आहे, जवळ बसल्यामुळे तो तुम्हाला दिसतो. रिकामा हात दाखवतात, मूठ मिटतात, उघडतात. टाळ्या. शेजारचे गृहस्थ तुमच्या कानाशी लागतात, "नजरबंदी आहे." बरोबर आहे, नजर कुठं बांधायची, हेच तर शिकायला ते गेले होते. फोटोच्या पेटीला घाबरणारं गाव ह्या माणसासमोर आणे मोजून बसलंय आणि टाळ्या वाजवतंय. मौज आहे. जे खरोखर समोर आहे ते उतरवून घेणाऱ्या यंत्राची भीती; आणि जे नाही ते दाखवणाऱ्या मुठीचं कौतुक. कारण इथं सगळ्यांना माहीत आहे की ही युक्ती आहे.

मला विचाराल तर फाळक्यांच्या पुढच्या धंद्याची सगळी हत्यारं ह्या गावात एका पिशवीत गोळा झालीत: पेटी, अंधारी खोली, पडदा, रंगमंच, हातचलाखी. आणि एक न सुटलेलं कोडंही. बंद पेटीवर लोकांचा विश्वास कसा बसवायचा? जादूगार आपली युक्ती कधी सांगत नाही. हा एकटा जादूगार असा की पुढं त्यानं हातचलाखीही केली आणि तिचं दारही उघडून दाखवलं. त्याच्या पौराणिक चित्रपटांचं कौतुक आपण शंभर वर्षं करतोय. उघडलेल्या दाराकडं फार कोणी पाहत नाही, म्हणून आता तिकडं जाऊ.

मधली वर्षं झपाट्यानं ओलांडा. किर्लोस्कर नाटक मंडळीच्या मालकांची भाची गिरिजा करंदीकर हिच्याशी १९०२ साली लग्न, ती झाली सरस्वती, पुराणवस्तू खात्यात नोकरी, लोणावळ्याला छापखाना, रविवर्मा प्रेसची कामं, छापखान्यातलं भांडण. १९११ च्या एप्रिलात गिरगावातल्या तंबूत ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा चित्रपट पाहिला आणि डोळ्यांपुढं कृष्ण आणि राम हलायला लागले. मग झोप उडाली, नजर गेली, डॉक्टरांनी औषधोपचारानं ती परत आणली, विम्याची पॉलिसी गहाण पडली, आणि १९१२ च्या फेब्रुवारीत लंडन. एप्रिलात ते परत आले ते विल्यमसन कॅमेऱ्याची मागणी नोंदवूनच.

दादर. मेन रोडवरचं घर. जिना चढताना आवाज करू नका आणि त्या खिडकीजवळच्या कुंडीला हात लावू नका. लावलात तर ह्या घरात तुमचं जेवण बंद.

कुंडीत वाटाणा पेरलाय. समोर कॅमेरा पक्का बसवलेला, जमिनीला खिळल्यागत. पोरांना तिकडून पळायला बंदी, मोलकरणीला तिथं केर काढायला बंदी. ठरल्या वेळी फाळके येतात, चष्मा सारखा करतात, हँडल इतकंसं फिरवतात आणि निघून जातात. पुन्हा ठरल्या वेळी, इतकंसं. तुम्ही बसून बघता. काही होत नाही. माती. दुसऱ्या दिवशीही माती. घामानं सदरा अंगाला चिकटतो, खालून घोडागाडीची खडखड, शेजारच्या घरी तळलेल्या बोंबलाचा वास. मग एके सकाळी मातीला भेग पडलेली दिसते. कधी पडली? तुम्ही तर इथंच होता. माणसाच्या डोळ्याला वाढ दिसतच नाही, तिचा हिशेब तेवढा नंतर लागतो. वाटाणा वर येतो, वाकतो, काडीला विळखा घालतो, आणि महिनाभर घरातले सगळे एका रोपाच्या तालावर चालतात.

शेवटी ती रात्र. खिडक्यांना घोंगड्या लावल्यात, त्यामुळे आत गुदमरतंय. भिंतीवर पांढरा कपडा. काही ओळखीचे, काही पैसेवाले, खुर्च्या कमी पडल्या म्हणून एकदोघे ट्रंकेवर. दिवा पेटतो, यंत्र खडखडायला लागतं, तापलेल्या फिल्मचा कापरासारखा उग्र वास सुटतो. कपड्यावर माती. आणि माती हलते! अंकुर डोकं वर काढतो, अंग ताणतो, पानं उघडतो, हेलकावे खात आधार शोधतो, वर चढतो. महिन्याचं काम मिनिटभरात. ट्रंकेवरचे गृहस्थ उठून उभे राहिलेत.

'अंकुराची वाढ'. कथा नाही, राजा नाही, देव नाही. स्वतःच्या हिमतीवर चित्रपट काढायला निघालेल्या ह्या निर्मात्याची पहिली कृती माहितीपट होती, आणि तिच्याकडं बघून यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहारे यांनी कर्ज द्यायची तयारी दाखवली. बडोद्याच्या बाजाराला जे तोंडानं पटवता आलं नाही ते वाटाण्यानं पटवलं. शक्ती शोषून घेणाऱ्या पेटीतून शक्ती वाढताना दिसली.

पुढचा 'राजा हरिश्चंद्र' तुम्हाला ठाऊक आहे, ३ मे १९१३, कॉरोनेशन सिनेमा, त्यामुळे तिकडं गर्दीत घुसत नाही. फक्त दोन ठिकाणी थांबू. एक, दादरच्या घरात रात्री. दिवसभर साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करून सरस्वतीबाई आता अंधारात फिल्मला भोकं पाडताहेत. दिवा लावता येत नाही, कच्ची फिल्म खराब होईल. सगळं बोटांनी चाललंय. खट्, सरकव, खट्, सरकव. हाताला अजून भाकरीच्या पिठाचा वास. उद्या उन्हात त्याच पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडणार. निर्माता एकटा होता असं आपण म्हणतो, तेव्हा ह्या बाईंना कुठं बसवतो कोण जाणे.

दोन, वांगणी. चित्रीकरणाला आलेली मंडळी गावाबाहेर उतरलीत. ढाली, तलवारी, भाले, चिलखतं. गावकऱ्यांना वाटतं दरोडेखोर! पोलीस पाटलांना वर्दी जाते आणि राजा हरिश्चंद्राच्या फौजेची धरपकड होते. धुळीत उकिडवे बसलेल्या त्या फौजेत तुम्हीही आहात, कमरेला पत्र्याची तलवार, कपाळावरचा रंग घामानं डोळ्यात उतरतोय आणि तुम्हाला कोणी पाणी देत नाही. मग फाळके येतात. वाद घालत नाहीत. पेटी मांडतात, तुम्हाला उठवून उभं करतात, "लढा" म्हणतात आणि हँडल फिरवायला लागतात. पेटीत फिल्मच नाही; महागाची वस्तू पाटलांसाठी कोण घालवील? पण गावानं पाहिलं: हे असं असतं होय! पाच मिनिटांपूर्वी दगड घेऊन उभे असलेले लोक आता पुढं सरसावून तलवारीचा पत्रा वाजवून बघताहेत.

त्यानंतरच्या वर्षांत पुराणांच्या मधल्या वेळेत फाळके सारखे पेटी घेऊन बाहेर पडतात. गोदावरीची दृश्यं, सिंहस्थ पर्वणी, तळेगावचा काच कारखाना. शेवटच्या ठिकाणी तुम्हाला नेतो, पण भट्टीपासून लांब उभे राहा. पोलादी नळीच्या टोकाला नारिंगी गोळा घेऊन कामगार फुंकर मारतो, गाल फुगतात, मानेच्या शिरा तटतटतात, आणि गोळ्याचं पोट सुटत जातं. भुवया होरपळतील इतकी धग. प्रोफेसर केळफांचे प्रयोगही त्यांनी फिल्मवर घेतले. म्हणजे एका पेटीत काच फुंकणारा कामगार, त्याच पेटीत जादूगार. आणि आगकाड्यांना एकेक करून सरकवत नाचवणारी 'आगकाड्यांची मौज' ती वेगळीच.

१९१७. नाशिक. आज मात्र फाळके कॅमेऱ्याच्या मागं नाहीत, पुढं आहेत. 'चित्रपट कसे तयार करतात' ह्या माहितीपटाचं चित्रीकरण चाललंय. अंगणात ऊन, माणसांची ये-जा, कोणी तरी केसांचा टोप वाळत घातलाय. ते नटांना हातवारे करून दाखवताहेत, मग आत बसून फिल्मची पट्टी डोळ्यांसमोर धरताहेत, कात्री चालवताहेत, जोडताहेत. अंधाऱ्या खोलीत जे चालतं ते सगळं उजेडात आणून मांडलंय. बडोद्याच्या ओट्यावरचे ते दोन म्हातारे इथं असायला हवे होते. (त्या माहितीपटाचे तुकडे अजून टिकून आहेत. त्यातली फाळक्यांची मुद्रा पाहा: स्वतःकडे कॅमेरा रोखलेला असताना ते कमालीचे अवघडलेत.)

आता शेवटची फेरी. एखाद्या गावची जत्रा, जत्रेत तंबू, तंबूत घोंगड्या नि चटया. मागं बैल हुंदडताहेत, शेंगदाण्याच्या फोलपटांवर पाय करकरतो, बिडीच्या धुरानं पडदा निळसर दिसतो. आधी छोटा माहितीपट लागतो. लोक टोप, रंग, कात्री, सगळं पाहतात आणि खदखदा हसतात. मग 'लंकादहन'. त्यातला राम म्हणजे साळुंके नावाचा नट, आणि सीताही साळुंकेच. दंडाचे स्नायू पदराबाहेर डोकावताहेत. पण राम पडद्यावर आला आणि तंबूत खळबळ उडाली. तुमच्या पुढची आजी वहाणा काढून बाजूला सारते, पदर डोक्यावरून घेते आणि हात जोडते.

"आजी," नातू कुजबुजतो, "तो माणूस आहे. आत्ताच दाखवलं की, कात्रीनं कापून चिकटवतात."

"बघितली रे मी कात्री," आजी मान न वळवता म्हणते. "तू हात जोड, आणि तुझी टोपी काढ, मागच्या पावण्यांना दिसत नाही."